नकली रणगाडे ठेवून शत्रू खरंच फसतो का?

तुम्ही विचारलंय की फुग्याचे नाहीतर लाकडाचे रणगाडे मांडून एवढी मोठी शत्रूची फौज कशी काय फसते. माझं मत असं की नुसत्या रणगाड्यांनी कोणीच फसत नाही, आणि फसला तरी त्याचा आपल्याला फायदा होईलच असंही नाही.

दुसऱ्या महायुद्धातली, १९४१ च्या सुरुवातीची गोष्ट घ्या. पूर्व आफ्रिकेत इटालियन सैन्यावर ब्रिटिशांना सुदानमधून म्हणजे उत्तरेकडून हल्ला करायचा होता, म्हणून कैरोत बसलेले ब्रिटिश सरसेनापती वेव्हेल आणि त्यांचा फसवणुकीची कामं बघणारा अधिकारी डडली क्लार्क यांनी हूल उठवली की हल्ला एडनहून समुद्रमार्गे ब्रिटिश सोमालीलँडवर होणार. इटालियन लोकांनी ती खरी मानली, पण ब्रिटिशांना वाटलं होतं की ते तिकडे जादा फौज पाठवतील, आणि त्यांनी काय केलं तर हा भाग काही आपल्याला राखता येणार नाही म्हणून तिथलं सैन्य काढून घेतलं, जे उत्तरेला वापरायला मोकळं झालं! म्हणजे फसवणूक शंभर टक्के यशस्वी आणि परिणाम नेमका उलटा. क्लार्कने यातून जो धडा घेतला तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो, शत्रूने काय समजावं हे ठरवत बसू नका, त्याने काय करावं हे आधी ठरवा.

मग ऑक्टोबर १९४२, इजिप्तमधलं एल अलामेन. जर्मन-इटालियन फौजेवर ब्रिटिशांचा हल्ला उत्तरेकडून होणार होता, दाखवायचा होता दक्षिणेकडून, आणि तोही उशिरा. उत्तरेकडच्या रणगाड्यांवर कॅनव्हासचे सांगाडे चढवून त्यांचे ट्रक केले, आणि दक्षिणेकडे जाणारी एक पाण्याची खोटी पाइपलाइन टाकायला घेतली. पाइप म्हणजे पेट्रोलचे रिकामे डबे ठोकून केलेले! दिवसा चर खणायचा, शेजारी हे पाइप मांडायचे, रात्री चर बुजवायचा आणि तेच पाइप उचलून पुढच्या टप्प्यावर न्यायचे. वरून फोटो काढणाऱ्या जर्मन विमानाला रोज काम पुढे सरकलेलं दिसणार, आणि त्या वेगाने हिशोब केला तर लाइन नोव्हेंबर उजाडल्याशिवाय पूर्ण होत नाही. हल्ला झाला २३ ऑक्टोबरच्या रात्री. मला यातली खरी हुशारी अशी वाटते की तारीख कोणी सांगितलीच नाही, ती समोरच्याने स्वतः मोजून काढावी अशी सोय केली, आणि स्वतः काढलेल्या उत्तरावर माणूस सहसा शंका घेत नाही. जर्मनांची २१वी पान्झर, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन तेव्हा दक्षिणेत होती, ती उत्तरेकडे वळायला २६ तारीख उजाडली. अर्थात त्यांच्याकडे पेट्रोलचाही तुटवडा होता, सगळं श्रेय डब्यांना देता येणार नाही.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचं तर बऱ्याच जणांना माहीत असतं, अमेरिकन जनरल पॅटनच्या हाताखाली दाखवलेलं, मुळात नसलेलंच सैन्य वगैरे. तिथेही नकली रणगाड्यांपेक्षा जास्त काम केलं ते डबल एजंटांनी, म्हणजे जर्मनांना आपले वाटणाऱ्या पण ब्रिटिशांसाठी काम करणाऱ्या हेरांनी, कारण मित्रराष्ट्रांचं सैन्य इंग्लंडला सगळ्यात जवळच्या फ्रेंच किनाऱ्यावर, कॅलेला उतरणार हे जर्मनांना आधीच पटलेलं होतं, ते फक्त पक्कं करायचं होतं. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या सांकेतिक संदेश उलगडण्याच्या केंद्रात जर्मन संदेश फुटत असल्यामुळे ही हूल लागू पडतेय की नाही तेही ब्रिटिशांना कळत होतं, आणि हा भाग नसेल तर सगळा अंधारात मारलेला दगड. ६ जून १९४४ ला सैन्य नॉर्मंडीत उतरल्यावर ९ जूनला गार्बो नावाच्या डबल एजंटने जर्मनांना कळवलं की ही फक्त हुलकावणी आहे, खरा हल्ला पुढे कॅलेलाच होणार, आणि त्यानंतरही कित्येक आठवडे जर्मन १५व्या आर्मीचा मोठा भाग कॅलेच्या बाजूला वाट बघत थांबून राहिला.