व्हिस्की, ब्रँडी, टॉडी या शब्दांचे मूळ अर्थ काय? टॉडी म्हणजे आपली ताडीच का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. हो, टॉडी म्हणजे ताडीच. यावरून माझं भावोजींशी नऊ वर्षं वाजतंय.

आम्ही भंडारी. आजोबा ताडावर चढायचे, पोय म्हणजे फुलांचा कोंब छेदून मडकं बांधायचे, पहाटे उतरवायचे. ताईचं लग्न ठरताना सासरी सांगितलं गेलं, "आजोबांची वाडी होती." आजोबा तिथेच बसले होते, काही बोलले नाहीत.

मग एका डिसेंबरात सगळे महाबळेश्वरला गेलो. भावोजींचा घसा बसलेला. हॉटेलात त्यांनी हॉट टॉडी मागवली. व्हिस्की, गरम पाणी, मध, लिंबू, वर दोन लवंगा. मी म्हटलं, "भावोजी, आजोबांची ताडी पिताय." चिडलेच. "ही स्कॉटिश आहे. एडिंबरात टॉड नावाची विहीर होती, तिच्यावरून नाव पडलं."

विहिरीची गोष्ट जुनीच आहे, पण खोटी. ताडाच्या रसाला इंग्रज लोक हिंदुस्थानात 17व्या शतकातच टॉडी म्हणत होते. गरम व्हिस्कीला ते नाव चिकटलं 18व्या शतकात. आधी ताड, मग स्कॉटलंड.

बाकीचे झटपट. व्हिस्की म्हणजे नुसतं 'पाणी'. गेलिक या स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या जुन्या भाषेत 'जीवनाचं पाणी' म्हणायचे, त्यातलं जीवन गळालं. व्होडकाही रशियन 'पाणी'च, लाडाने म्हटलेलं. ब्रँडी डच, 'जाळलेली वाइन', म्हणजे भट्टीवर चढवलेली. आणि अल्कोहोल हा शब्द मुळात अरबीत डोळ्यांत घालायचा सुरमा! बारीक पूड, मग कशाचाही अर्क, मग दारूचा अर्क, असा तो घसरत आला. म्हणजे ज्यांना ताडी गावठी वाटते, त्यांचे साहेबी शब्दही पाणी आणि सुरमाच निघतात.

'पंच' नावाचं साहेबी पेय आहे, त्याचं नाव पाच जिन्नसांवरून, म्हणजे आपल्या 'पाच'वरून पडलं, असंही सांगतात. त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण हे भावोजींना कळवू नका. आणखी एक, ताडाची ती ताडी, माडाची ती माडी. इंग्रजांनी दोन्ही एकाच शब्दात कोंबल्या. आमच्याकडे कुणी असं बोललं असतं तर आजोबांनी हाकलून दिलं असतं.

मी स्वतः पीत नाही, हे सांगायचं राहिलंच. तुमच्याही घरात कुणाचा धंदा असा 'वाडी' करून झाकला असेल, तर पोरांना खरं सांगा. गेल्या दिवाळीत भाच्याने विचारलं, "मामा, पणजोबा काय करायचे?" मी सांगितलं. ताई हसली. भावोजी फोन आल्यासारखं करून गॅलरीत गेले.