समाधान टिकतं. डेमोत जे आवडलं, ते मात्र नाही टिकत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी चांगले, मधल्या दर्जाचे स्पीकर आहेत. डेमोत अगदी वरच्या श्रेणीची जोडी ऐकली आणि तेव्हापासून चैन पडत नाही. एवढा पैसा ओतल्यावर समाधान वर्षानुवर्षं राहतं, की नव्याचे नऊ दिवस? त्याहून मोठं काहीतरी कायम असणारच, मग हे थांबतं कुठे? आणि जुनी जोडी विकायची का? शिवाय वाढत्या वयात हे सगळं ऐकू तरी येणार का, असंही ओझरतं विचारलं आहे.

राहतं. माझं तरी राहिलं आहे. माझ्याकडची जोडी जमिनीवर उभी राहणारी, चार-वे (आवाज चार भागांत वाटून वेगवेगळ्या ड्रायव्हरकडून, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागांकडून, वाजवणारी), सीलबंद कॅबिनेटची आहे आणि ती बदलावी असं आता मनात येत नाही. पण डेमोत तुम्हाला जे आवडलं त्याच्यामुळे हे समाधान टिकतं असं समजून पैसे मोजू नका.

डेमोत अंगावर काय आलं ते आठवा. खोल बेस, लखलखीत ट्रेबल, गाणारा माणूस दोन स्पीकरच्या मधोमध उभा असल्याचा भास, आणि बहुतेक वेळा आपण घरी लावतो त्यापेक्षा बराच मोठा आवाज. हे सगळं खरं असतं, पण त्याची नवलाई ओसरते. कानाला कशाचीही सवय होते. नंतर जे उरतं त्याला चटकन नाव देता येत नाही, कारण ते म्हणजे एखादी गोष्ट नसणं आहे. नंबर बरोबर असलेला चष्मा जसा डोळ्यांवर आहे हेच आपण विसरतो, तसंच हे.

जरा उलगडून सांगतो. प्रत्येक स्पीकर गाण्यात स्वतःचं काहीतरी मिसळतो. कुठे कॅबिनेटच्या भिंती वाजतात. कुठे वूफरचा, म्हणजे बेस वाजवणाऱ्या भागाचा, शंकू एखाद्या फ्रीक्वेन्सीला स्वतःच झणझणतो. कुठे वूफर संपून ट्वीटर (ट्रेबल वाजवणारा भाग) सुरू होतो तिथे आवाजाचा पसारा एकदम बदलतो, म्हणजे समोर ऐकू येतं ते एक आणि भिंतीवरून परत येतं ते दुसरंच. गंमत अशी की पहिल्या दिवशी हेच दोष गुण वाटतात. ‘काय डिटेल आहे!’ म्हणून आपण घरी आणतो आणि काही काळाने प्रत्येक ‘स’ कानाला टोचायला लागतो. एकदा तो दोष ओळखू आला की प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये तोच आधी ऐकू येतो. अपग्रेडची खाज सुटते ती बहुतेक इथूनच.

वरच्या श्रेणीत पैसा जातो तो मुख्यतः हे मिसळणं कमी करण्यात. जाड ॲल्युमिनियमची किंवा अनेक थरांची कॅबिनेट, बेरिलियमचे किंवा हिऱ्याचे ट्वीटर (त्यांचं स्वतःचं झणझणणं कानाच्या मर्यादेच्या पार वर असतं), आणि एकाच्या जागी दोन-तीन मोठे वूफर. वूफरचं गणित साधं आहे: तेवढाच आवाज एक सप्तक खाली (निम्म्या फ्रीक्वेन्सीला) हवा असेल तर त्याच शंकूला चौपट हलावं लागतं. छोटा वूफर ऐंशी हर्ट्झला आरामात असतो आणि चाळीसला घामाघूम होतो. मोठ्यांची टोळी असेल तर कुणालाच धाप लागत नाही, डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) कमी राहतं.

एकटा तानपुरा लावून बघा. मी कुठल्याही स्पीकरला हीच परीक्षा देतो. साध्या स्पीकरवर तो एकसलग गुंजारव असतो, गाण्यामागे पसरलेला. चांगल्या जोडीवर प्रत्येक तार वेगळी छेडली जाते, जवारीतून वरचे स्वर एकामागून एक उमलतात आणि पुढची तार छेडली तरी आधीच्या तारेची आस मागे सुरूच असते. खर्जाची तार सुटते तेव्हा भोपळ्याचा आकार कळतो. यात छाती हलवणारं काही नाही, डेमोत कुणी हे वाजवणारही नाही. पण रोज ऐकून कंटाळा येत नाही तो याचाच.

दुसरं, हळू आवाज. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं की आवाज कमी केला की आपल्या कानाला बेस प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो. हा कानाचा स्वभाव आहे, कुठलाच स्पीकर तो बदलू शकत नाही. तरीही ज्याचा समतोल मुळात नीट आहे तो हळू आवाजातही पोकळ वाटत नाही, शब्द स्पष्ट राहतात आणि मोठा करण्याचा मोह होत नाही. माझं निम्म्याहून अधिक ऐकणं आता असं हळूच असतं. विकत घेताना हे कुणी सांगत नाही.

आता एक कडू गोष्ट. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी तेच स्पीकर लोकांना एकदा दिसू देऊन आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले. एवढंच नाही, तर स्पीकरची जागा बदलल्यावर आवाजात पडणारा फरकही लोकांना दिसत असताना कमी जाणवला. म्हणजे तुमच्या आनंदात डोळ्यांचा वाटा असणार, माझ्याही आहे. त्याची लाज बाळगायचं कारण नाही, सुबक लाकूडकाम रोज नजरेला पडणं हेही सुखच. फक्त ओळखून असा की नवं मॉडेल आलं की सगळ्यात आधी हाच वाटा झिजतो. टूल यांच्या आधीच्या कामातून निघालेली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे: पडद्याआड बसवल्यावर बहुतेक लोक समोरून सपाट (कुठलीच फ्रीक्वेन्सी वर-खाली न करणारा) आणि बाजूंनी गुळगुळीत प्रतिसाद असलेला स्पीकरच निवडतात. म्हणजे आवडनिवड आपण समजतो तेवढी लहरी नाही. मोजमापाचे आलेख न दाखवता नुसत्या विशेषणांवर विकणाऱ्याकडे म्हणूनच मी संशयाने बघतो.

आणि खोली. असमाधानाची जेवढी प्रकरणं मी पाहिली, त्यातली बहुतेक स्पीकरची नव्हतीच, खोलीची होती. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. पाच मीटर लांबीच्या खोलीत पहिला रूम मोड (खोली स्वतःच घुमते ती फ्रीक्वेन्सी) ३४ हर्ट्झच्या आसपास येतो, तीन मीटर उंचीचा ५७ च्या आसपास. तुमचे आत्ताचे स्पीकर तिथपर्यंत जेमतेम पोचत असतील, म्हणून खोली गप्प बसली आहे. वीस हर्ट्झपर्यंत उतरणारी जोडी आणलीत की तिला वाचा फुटेल. एक स्वर घुमेल, शेजारचा गायब होईल, आणि एवढे पैसे घालून बेस ढगळ झाला म्हणून तुम्ही केबल बदलत बसाल. (केबलवर मी इथे भांडणार नाही. तो पैसा खोलीवर घाला एवढंच म्हणेन.) मागच्या भिंतीपासूनचं अंतर, बसायची जागा, कोपऱ्यांत खोल बेस ट्रॅप (बेस शोषून घेणारे), पहिल्या परावर्तनाच्या ठिकाणी काहीतरी शोषणारं किंवा विखुरणारं, आणि शेवटी शंभरेक हर्ट्झच्या खाली बेताने डिजिटल दुरुस्ती. याच क्रमाने जा. मी जमिनीवर चिकटपट्ट्या लावून स्पीकर बोटाबोटाने सरकवला आहे. एका बोटाच्या फरकाने गायक भिंतीतून बाहेर येतो किंवा परत आत जातो, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. सीलबंद कॅबिनेटचा बेस खाली सावकाश उतरतो, त्यामुळे लहान-मध्यम खोलीत तो पेटीला भोक असलेल्या स्पीकरपेक्षा बसवायला सोपा जातो, हे माझं मत अजून बदललेलं नाही.

थांबतं कुठे, याचं उत्तर जुन्या स्पीकरकडे बघून मिळतं. पीटर वॉकर यांचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक (शंकूऐवजी पातळ पडद्याच्या पॅनेलने वाजणारा स्पीकर) १९५७ मध्ये आला आणि १९८५ पर्यंत बनत होता. खोल बेस नाही, फार मोठ्याने वाजवला तर पॅनेल जायची भीती, नीट ऐकायला एकाच जागी बसावं लागतं. तरी आज लोक पॅनेल नवी बसवून तो वाजवतात, कारण माणसाचा आवाज तो ज्या सहजतेने मांडतो ते पुन्हा सहज मिळत नाही. पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा क्लिप्शहॉर्न तर खोलीचा कोपराच हॉर्नचा, म्हणजे कर्ण्याचा, भाग म्हणून वापरतो, आणि तो अजून बनतो. बीबीसीने स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणातल्या अडचणीच्या जागेसाठी १९७० च्या दशकात केलेला एलएस३/५ए हा तर पुस्तकाच्या कप्प्यात मावणारा डबा. तिघांचे मालक वर्षानुवर्षं तृप्त, आणि तिघांपैकी एकही सगळं करत नाही. ज्याला आपल्याला काय ऐकायचं आहे ते ठाऊक आहे, तो थांबतो. ज्याला ‘सर्वोत्तम’ हवं आहे त्याला दरवर्षी नवं सर्वोत्तम भेटतं. तुम्ही कुठल्या गटात आहात हे तुमचं तुम्हालाच माहीत.

वयाचंही बोलतो, कारण तुम्ही ते ओझरतं विचारलं आहे. वाढत्या वयात वरच्या फ्रीक्वेन्सी कानातून जातात हे खरं. पण पियानोची सगळ्यात उंच पट्टी ४१८६ हर्ट्झची आहे. त्याच्या वर असतात ते हार्मोनिक (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर), हवा, झांजेची चमक. गाण्याचा गाभा खालीच आहे, तो चांगल्या स्पीकरवर उतारवयातही तितकाच भिडतो.

टिकाऊपणात फार अडकू नका, पण दोन गोष्टी विचारून घ्या. सराउंड (शंकूच्या कडेचं लवचीक कडं) रबराचे आहेत का, कारण फोमचे दहा-वीस वर्षांत भुगा होतात. आणि सुट्या भागांचं काय. काही कंपन्या प्रत्येक जोडीची मोजमापं सीरियल नंबरप्रमाणे जपतात आणि बदली ड्रायव्हर जुळवून देतात, हे वीस वर्षांनी लाखमोलाचं ठरतं. बेरिलियमच्या ट्वीटरच्या डोमला (घुमटाला) जाळी असेल तर ती काढू नका. डोम फुटला तर ती धूळ श्वासात जाणं धोक्याचं आहे. धूळ पुसायचा उत्साह कॅबिनेटपुरता ठेवा.

जुनी जोडी लगेच विकू नका. नवी खोलीत बसेपर्यंत तुलनेला ती लागेल, आणि नवी बसलीच नाही तर परतीचा रस्ता मोकळा राहील. डेमो पुन्हा मागा, पण या वेळी तुमच्या आवडत्या जुन्या, सामान्य रेकॉर्डिंगवर, तुमच्या नेहमीच्या आवाजात, आणि निदान दोन तास. जमलं तर घरी. ज्या स्पीकरवर फक्त निवडक रेकॉर्डिंगच छान वाजतात तो घेऊ नका. आणि ॲम्प (ॲम्प्लिफायर) आत्ताच तपासा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला तो किती मोठा वाजतो ते) तीन डेसिबलने कमी असेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर लागते, आणि आठ ओहम म्हणून विकलेले स्पीकर बेसमध्ये कधीकधी तीन ओहमपर्यंत उतरतात. या ओहमचा, म्हणजे इम्पिडन्सचा (स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचा), आलेख मागा. तुमच्या ॲम्पचं मॉडेल आणि खोलीची लांबी-रुंदी-उंची इथे टाकलीत तर जोडी तिथे बसेल का ते सांगतो.