जुन्या धाटणीचं एकच मॉड्युलेशन पेडल घ्यायचं असेल तर फेझर, व्हाइब, फ्लँजर की कोरस?

मॉड्युलेशन पेडल म्हणजे गिटारच्या आवाजाला सतत हेलकावे देणारं पेडल. तुमच्याकडे स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर गिटार) आहे, छोटा ट्यूब ॲम्प आहे (इफेक्ट लूप, म्हणजे ॲम्पच्या आतल्या वाटेत पेडल जोडायची सोय, नाही), एक ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल) आणि एक डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) आहे, बँडमध्ये गिटारवर तुम्ही एकटेच. आणि हवाय काय, तर सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्ड्सवर ऐकू येतो तसा ‘संथ, पाणीदार हेलकावा’. एवढ्या माहितीवर माझं उत्तर: व्हाइब घ्या. पण अट अशी की त्याचा स्पीड पायाने बदलता आला पाहिजे. तसं मिळत नसेल तर एका नॉबचा साधा फोर-स्टेज (चार टप्प्यांचा) फेझर घ्या आणि विषय मिटवा. फ्लँजर आणि कोरस मलाही आवडतात, पण बोर्डवर एकच जागा असेल तर ती त्यांना देऊ नका.

दुकानात किंवा व्हिडिओवर पेडल ऐकताना आपण सगळे डेप्थकडे लक्ष देतो, म्हणजे आवाज किती हलतोय याकडे. खरं ऐकायचं असतं ते आवाज कसा वळतोय. हेलकावा वर जातो, टोकाला पोहोचतो, परत फिरतो. त्या वळणावर तो थबकतो का, झटकन उलटतो का, चढताना आणि उतरताना सारखाच वेळ घेतो का? जुन्या पेडल्सचं सगळं वैशिष्ट्य या वळणात आहे, आणि हे वळण ठरतं आत नेमकी कुठली वस्तू हलतेय त्यावर.

उदाहरणार्थ युनि-व्हाइब, म्हणजे मूळ व्हाइब, बघा. साठच्या दशकाच्या शेवटी फुमिओ मिएदा या जपानी इंजिनिअरने शिन-एई कंपनीसाठी हे सर्किट केलं. ऑर्गनबरोबर वापरल्या जाणाऱ्या फिरत्या लेस्ली स्पीकरची नक्कल म्हणून ते ओळखलं जातं, पण रेडिओ मॉस्कोचं प्रसारण आयनोस्फिअरमधून (वातावरणाच्या वरच्या थरातून) येताना जसं लहरत यायचं, तो परिणाम त्यांना पकडायचा होता. लेस्लीची नक्कल म्हणून ते फारसं जमलेलं नाही, आणि बरंच झालं. डबा उघडलात तर मधोमध एक छोटासा फिलामेंटचा बल्ब दिसतो, त्याच्या चार बाजूंना चार फोटोसेल, आणि या सगळ्यावर चकचकीत पत्र्याचं झाकण. बल्ब मंद-प्रखर होत राहतो, त्याप्रमाणे फोटोसेलचा रेझिस्टन्स बदलतो आणि सिग्नलची फेझ (लाटेची जागा) सरकते. गंमत अशी की तार तापते एका वेगाने आणि निवते दुसऱ्याच वेगाने. फोटोसेलही प्रकाशाला चटकन प्रतिसाद देतात, पण अंधारात सावकाश परततात. त्यामुळे हेलकावा एका बाजूला कलंडलेला असतो. कानाला तो गोल लाटेसारखा लागत नाही, एकेक ठोका पडल्यासारखा लागतो. गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सने १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात तो वापरला, पुढे रॉबिन ट्रॉवरने तर आपला अख्खा आवाजच त्यावर उभा केला.

अजून एक फरक आहे, जो जाहिरातीत कुणी सांगत नाही. व्हाइबच्या चार टप्प्यांतले कपॅसिटर चार वेगवेगळ्या किमतींचे असतात, आणि तेही थोडेथोडके वेगळे नाहीत: एक ४७० पिकोफॅरडचा, तर दुसरा ०.२२ मायक्रोफॅरडचा. फेझरमध्ये चारही टप्पे सारखेच असतात, म्हणून फ्रीक्वेन्सीत दोन स्पष्ट खाचा पडतात आणि त्या वर-खाली सरकताना तो ओळखीचा ‘श्शूऽऽ’ ऐकू येतो. व्हाइबमध्ये खाचा बोथट, पसरलेल्या. म्हणून तो सरकत जात नाही, धडधडतो. स्ट्रॅटवर असतात तशा सिंगल कॉइल पिकअपच्या स्वच्छ, वरच्या सुरांनी भरलेल्या आवाजावर हे विशेष खुलतं. तुमच्या स्ट्रॅटसाठी व्हाइब सुचवायचं एक कारण हेच.

आता ती अट का, ते सांगतो. व्हाइबचा ठोका स्पष्ट असल्यामुळे तो गाण्याच्या लयीत येऊन बसतो. ड्रमरच्या लयीशी जुळला तर स्वर्ग, नाहीतर सबंध गाणंभर कुणीतरी चुकीच्या जागी टाळ्या वाजवतंय असं वाटत राहतं. मूळ युनि-व्हाइबबरोबर स्पीड बदलायला पायाचं वेगळं पेडल यायचं, ते उगाच नाही. तेव्हा आजचा कुठलाही व्हाइब बघताना आधी मागे एक्स्प्रेशन पेडलसाठी (पायाने दाबून सेटिंग बदलायच्या वेगळ्या पेडलसाठी) सॉकेट आहे का ते बघा, किंवा निदान स्पीडचा नॉब बुटाच्या टोकाने फिरवता येईल एवढा मोठा आणि मोकळ्या जागी आहे का ते तरी. चार नॉब एकमेकांना चिकटलेले मिनी व्हाइब आवाजाला उत्तम असतात, पण दोन गाण्यांच्या मधे खाली वाकायची तयारी ठेवा.

फेझरला ही कटकट नाही. १९७४ चा एमएक्सआर फेझ ९० हा या जातीचा मूळपुरुष: नारिंगी डबा, एकच नॉब, आत चार एफईटी ट्रान्झिस्टर. नॉब घड्याळातल्या नऊच्या आकड्याच्या खाली ठेवला की एक हेलकावा इतका लांबतो की तो कुठल्या तालात आहे हा प्रश्नच उरत नाही, म्हणून तो तसाच चालू ठेवून पूर्ण गाणं वाजवता येतं. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. सुरुवातीच्या डब्यांवर कंपनीचं नाव हस्ताक्षरासारख्या वळणदार अक्षरांत होतं, नंतर जाड ठोकळ्या अक्षरांत आलं. या नंतरच्या आवृत्तीत फीडबॅकचा एक रेझिस्टर वाढला. त्याने खाचा धारदार झाल्या आणि मधला भाग थोडा पुढे आला. डिस्टॉर्शनवर हे लोकांना आवडतं, पण तुम्हाला हवाय तसा मऊ हेलकावा हवा असेल तर ‘स्क्रिप्ट’ पद्धतीचा घ्या. हल्लीच्या काही फेझर्सवर या दोन्हींत बदल करायला बटण असतं. तसं मिळालं तर प्रश्नच मिटला.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा स्मॉल स्टोन हाही त्याच सुमाराचा, डेव्हिड कॉकरेल यांनी केलेला. त्यात एफईटीऐवजी ओटीए (एक प्रकारच्या ॲम्प्लिफायर) चिप आहेत, आणि ‘कलर’ नावाचं बटण दाबलं की आवाज एकदम दाट, नाकातून आल्यासारखा होतो. बटण बंद ठेवून संथ वाजवलं तर माझ्या कानाला तो फेझ ९० पेक्षाही जास्त ओलसर वाटतो. हे सर्वस्वी आवडीचं.

फ्लँजर आणि कोरस मी बाजूला का ठेवतोय? दोघांच्याही मुळाशी बकेट ब्रिगेड चिप आहे, जी १९६९ मध्ये फिलिप्समध्ये जन्मली. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून हातोहात बादल्या द्याव्यात तसा सिग्नल एका कपॅसिटरमधून पुढच्यात ओतला जातो. क्लॉक (या बादल्या पुढे सरकवणारा ठोका) जितकं हळू तितका उशीर जास्त: १०२४ टप्प्यांची एमएन३००७ चिप १०० किलोहर्ट्झवर चालवली तर सुमारे ५ मिलिसेकंद. उशीर फार थोडा आणि सोबत फीडबॅक असला की फ्लँजर, उशीर जरा जास्त आणि फीडबॅक नसला की कोरस, असा ढोबळ हिशोब. १९७६ चं इलेक्ट्रिक मिस्ट्रेस (हेही कॉकरेल यांचंच) अप्रतिम आहे, पण फ्लँजरचा हेलकावा आवाजाच्या पुढे उभा राहतो. दोन-तीन गाण्यांनंतर बाकीच्यांना कंटाळा येतो आणि तुम्हाला कुणी सांगत नाही. कोरसचं उलट. बॉसचं पहिलंच पेडल, १९७६ चं सीई-१, हे रोलंडच्या जेसी-१२० ॲम्पमधल्या सर्किटवरून आलं. त्या ॲम्पमध्ये एका स्पीकरमधून कोरा आवाज येतो, दुसऱ्यातून हललेला, आणि दोन्ही खोलीतल्या हवेत मिसळतात. तो भरलेपणा एका ॲम्पमध्ये अर्धाच उरतो. त्यात ओव्हरड्राइव्हच्या आधी कोरस लावलात तर कॉर्ड गढूळ होतात. स्वच्छ आवाजात आर्पेजिओ वाजवणाऱ्याने कोरस घ्यावा, पण तुमचं वर्णन तसं नाही.

खरोखरचं सत्तरच्या दशकातलं पेडल शोधावं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. संग्रहासाठी हवं असेल तर जरूर, वाजवायला नको. फेझरमधले चार एफईटी एकमेकांशी जुळवून लावलेले असतात. एखादा बिघडून भलताच बसवला गेला असेल, किंवा आतला बायसचा ट्रिमपॉट (जुळवणीचा छोटा स्क्रू) कुणी ‘सुधारला’ असेल, तर हेलकावा एका टोकाला मेल्यासारखा होतो, आणि घेणाऱ्याला वाटतं की विंटेज असंच वाजत असेल. जुन्या व्हाइबमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असू शकतात. शिवाय वीज: जुन्या डब्यांचे सॉकेट, व्होल्टेज आणि पोलॅरिटी आजच्या ९ व्होल्ट सेंटर-निगेटिव्हशी जुळतीलच असं नाही. जुन्या बॉस पेडलवर ‘एसीए’ (जुन्या ॲडॉप्टरचा प्रकार) लिहिलं असेल तर ते आजच्या रेग्युलेटेड ९ व्होल्टवर लावल्यावर दिवा मिणमिणतो. विकणारा म्हणेल बॅटरीवर चालतं, आणि चालतंही, पण प्रत्येक कार्यक्रमाला बॅटरी किती बदलणार?

मग डिजिटल? घ्या की. ‘ॲनालॉगच हवं’ हा हट्ट मला व्हाइबच्या बाबतीत तरी पटत नाही, कारण कलंडलेली लाट गणिताने नीट काढता येते आणि चांगल्या कंपन्यांनी काढलीही आहे. दुसरं असं की या फोटोसेलमध्ये कॅडमियम असतं, त्यावर युरोपात निर्बंध आहेत, त्यामुळे खऱ्या बल्बच्या व्हाइबची निवड आधीच मर्यादित आहे. डिजिटलमध्ये बघायची गोष्ट एकच: कोरा सिग्नल ॲनालॉग वाटेने सरळ पुढे जातो का. आणि एकाच डब्यात अकरा प्रकारचं मॉड्युलेशन देणारी पेडल्स मात्र टाळा. पहिल्या आठवड्यात अकराही वाजवून होतात, पुढे एकच वाजतं, आणि त्या एकाचे नॉब नेमके मेनूत लपलेले असतात.

ओव्हरड्राइव्हच्या आधी की नंतर? व्हाइब आणि फेझर दोन्ही आधी लावून सुरुवात करा. आधी लावलं की डिस्टॉर्शन नवे हार्मोनिक तयार करून त्या खाचा थोड्याफार भरून काढतं, हेलकावा आवाजाच्या आत मुरतो. नंतर लावलं की त्याच भरगच्च हार्मोनिकमधून खाच कापत जाते आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा झोत येतो. उद्या फझ (जास्तच खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) घेतलात तर क्रम बदला: फझ सर्वात पुढे, त्यानंतर व्हाइब, कारण जुन्या पद्धतीच्या फझला गिटारचा पिकअप थेट समोर लागतो, मधे दुसरं काही आलं की तो चिरका होतो. डिले शेवटी आहे तिथेच राहू द्या.

दुकानात ऐकताना तुमची स्वतःची गिटार आणि ओव्हरड्राइव्ह घेऊन जा. ई मायनर धरा, स्पीड जवळजवळ शून्यावर आणा, कॉर्ड विरेपर्यंत हात लावू नका आणि दोन-तीन वळणं ऐका. मग ओव्हरड्राइव्ह चालू करून तेच परत. त्यानंतर काहीही न वाजवता गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण खाली घ्या आणि ॲम्पला कान लावा: हेलकाव्याच्या तालात टक-टक ऐकू येत असेल तर ते पेडल ठेवून द्या, घरी जाऊन ते कमी होत नाही. शेवटी पेडल चालू-बंद करत एकाच जोराने वाजवा. चालू केल्यावर आवाज खाली बसला असं वाटलं तर डब्यावर किंवा आत व्हॉल्यूमचा ट्रिम आहे का ते विचारा. व्हाइबमध्ये हे हमखास होतं, आणि तुमच्याखेरीज बँडमध्ये दुसरी गिटार नाही, त्यामुळे सोलोच्या वेळी ती उणीव भरून काढायला कुणी नसेल. व्हाइबवर कोरस/व्हायब्रेटोचं बटण असेल तर ऐकताना ते कोरसवर ठेवा. व्हायब्रेटोमध्ये कोरा आवाज कापला जातो, नुसता हललेला उरतो, आणि तुम्हाला हवा असलेला पाणीदार आवाज त्या दोन्हींच्या मिश्रणातूनच येतो.