फवारणी पंपाच्या नोझलचं सिम्युलेशन: व्हीओएफ घ्यावं की लेव्हल सेट?

पाठीवरच्या पंपाच्या नोझलमधून थेंब कसे तुटतात ते अंतिम वर्षाच्या प्रकल्पात दाखवायचंय, लॅपटॉप साधा आहे, तर पाणी आणि हवेमधली सीमा संगणकात मांडायच्या व्हीओएफ (व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड) आणि लेव्हल सेट या दोन पद्धतींपैकी कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

व्हीओएफ घ्या. हर्ट आणि निकोल्स यांची 1981 सालची ही पद्धत जागेवर जाळी टाकून तिच्या प्रत्येक सेलमध्ये (छोट्या घरात) पाण्याचा वाटा किती, 0 ते 1, एवढंच साठवते. त्यामुळे पाण्याचा हिशोब जुळतो. लेव्हल सेटमध्ये (ओशर आणि सेथियन, 1988) सीमेपासूनचं अंतर साठवतात, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाची वक्रता सुरेख मिळते, पण बारीक थेंब चालता चालता आटून जातात. फवारणीत तर सगळा खेळ बारीक थेंबांचाच.

पण खरी अडचण पुढेच आहे. नोझलमधून आधी पाण्याचा पातळ पडदा निघतो, तो फाटून धागे होतात, धाग्यांचे थेंब. व्हीओएफमध्ये हा पडदा सेलपेक्षा पातळ झाला की जाळीच त्याला फाडते. जाळी बारीक करा, थेंबही बारीक होतात! थेंबांच्या आकाराचा तो आकडा निष्कर्ष म्हणून कृपया लिहू नका. 200 मायक्रॉनच्या थेंबाला आडवे 10 सेल द्यायचे म्हटले, तरी 10 सेंटीमीटरच्या घनात 125 अब्ज सेल लागतात. पृष्ठताणामुळे वेळेची पायरीही (हिशोब एका वेळी जेवढा पुढे सरकतो तो काळ) सुमारे 3 मायक्रोसेकंदांपुढे जात नाही.

म्हणून एकच थेंब घ्या. ओपनफोम या मोफत प्रवाह-सॉफ्टवेअरमधला इंटरफोम हा व्हीओएफचा प्रोग्राम चालेल. बॅसिलिस्क हे दुसरं मोफत सॉफ्टवेअर जमलं तर उत्तम, ते गरज असेल तिथेच जाळी बारीक करतं. आधी थेंब स्थिर ठेवा. 200 मायक्रॉनच्या पाण्याच्या थेंबात बाहेरपेक्षा 1440 पास्कल जास्त दाब यायला हवा आणि वेग शून्य. भोवती जे प्रवाह दिसतील ते खोटे, वक्रता चुकल्यामुळे आलेले. ते आटोक्यात आल्यावरच वारा सोडा. आणि टाकीत नुसतं पाणी नसतं. औषध आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) पडला की पृष्ठताण बराच उतरतो, तो मोजूनच घाला.

2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. तुमचा विषय म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो. उंच पऱ्हाटीत फवारणाऱ्याच्या तोंडावर किती औषध येतं, हे दाखवायला थेंबांना कण मानून वाऱ्यात सोडणं पुरेसं आहे, ते लॅपटॉपवर होतं. थेंबांचे आकार मात्र वावरातूनच आणा: पाणी लागलं की निळा होणारा पिवळा कागद झाडाला लावा, पंप मारा, डाग मोजा. डाग थेंबापेक्षा मोठा पसरतो, तेवढी दुरुस्ती करून घ्या.