शेताजवळच्या कारखान्याचा सल्फर डायऑक्साइड स्वतः मोजता येईल का?

तुम्ही लिहिलंय, शेताजवळ कारखाना आहे, सकाळी घसा धरतो. ऑनलाइन मिळणारं छोटं यंत्र लावून आकडे काढले तर तक्रार टिकेल का?

मोजता येईल, भाऊ. पण कोणतं यंत्र हे नंतर. ते कुठे लावलं, किती वाजता आणि किती उन्हात, हे आधी.

मी सहा वर्षं एका खाजगी लॅबसाठी नमुने घ्यायला फिरलो. पद्धत वेस्ट-गेके. इम्पिंजर म्हणजे काचेची बाटली, तिच्यातल्या टीसीएम नावाच्या द्रावणातून मिनिटाला एक लिटर हवा बुडबुडत जाते, वायू त्यात अडकतो. लॅबमध्ये पॅरारोझॅनिलिन हे रंगद्रव्य घातलं की जांभळा रंग चढतो, तो किती गडद आहे हे ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशात यंत्राने वाचायचं. अट एकच, द्रावण गार राहिलं पाहिजे. तापलं की पकडलेलं हातचं जातं आणि आकडा खाली येतो. आणि आम्ही उभे धुळे जिल्ह्यात, मे महिन्यात, ४४ अंशात! सकाळी बाटल्यांभोवतीच्या ट्रेमध्ये भरलेल्या बर्फाचं अकरापर्यंत पाणी.

साहेब म्हणायचे, "८० च्या आत आलं ना? झालं मग." एक घनमीटर हवेत ८० मायक्रोग्रॅम ही चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा. मी म्हणायचो, साहेब, हे उन्हाचं रीडिंग आहे, हवेचं नाही.

एक दिवस दोन सॅम्पलर शेजारी-शेजारी लावले. एकाच्या ट्रेमध्ये फाट्यावरच्या गोळेवाल्याकडून गोणपाटात बर्फ आणून दर तासाला भरत राहिलो, पदरच्या पैशाने. त्याची बाटली आइसबॉक्समधून नेली, दुसरी नेहमीसारखी डिकीत. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दोन्हींना रंग चढवला. एका क्युव्हेटमध्ये, म्हणजे रंग वाचायच्या काचेच्या छोट्या नळीत, स्वच्छ जांभळट, दुसरीत जेमतेम गुलाबी झाक. साहेबांसमोर दोन्ही धरल्या. रिपोर्टात गुलाबीचा आकडा गेला. आजही सलतं ते.

शिवाय सॅम्पलर कायम पश्चिमेच्या गेटवर, कारण प्लग तिथे. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे धूर जाणार पूर्वेला! तिकडच्या शेतातले आबा मला म्हणाले होते, "भाऊ, सकायले गया खाजस," म्हणजे सकाळी घसा खाजतो. बरोबरच होतं त्यांचं. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, चिमणीचा धूर तिच्या वर साचतो. ऊन चढलं की हवा ढवळते आणि तो खाली उतरतो. ते एक-दोन तास चोवीस तासांच्या सरासरीत बुडून जातात.

तुमचं स्वस्त यंत्र इलेक्ट्रोकेमिकल असणार, म्हणजे आतल्या रसायनावर वायूची क्रिया होऊन निघणाऱ्या विजेवरून आकडा देणारं. उष्णता, दमट हवा, दुसरे वायू, सगळ्यांनी ते हलतं. त्याच्या आकड्यावर कोणी दंड करणार नाही. दंडासाठी यूव्ही फ्लुरोसन्स, म्हणजे अतिनील प्रकाशाने वायू मोजणारं यंत्र, नाहीतर वेस्ट-गेकेच लागतं. त्यात तुमचं यंत्र पीपीबी, म्हणजे अब्जात किती भाग, दाखवतं आणि मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये. १ पीपीबी म्हणजे घनमीटरला साधारण २.६ मायक्रोग्रॅम. तरी सावलीत लावा आणि वेळ, वाऱ्याची दिशा वहीत लिहा. पूर्वेच्या बाजूला सकाळी आठ ते दहा आकडा रोज चढतो, हे महिनाभर दाखवलंत तर त्याच जागी, त्याच वेळी रीतसर मोजणी मागता येते. मोजायला माणूस आला की उभे राहा, ट्रेमध्ये बर्फ आहे का बघा आणि फोटो काढा. त्यात लाजायचं काही नाही.

टीसीएम घरी करायच्या फंदात पडू नका, त्यात पारा असतो. आणि घसा धुळीने किंवा पऱ्हाट्या जाळल्याच्या धुरानेही धरतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवून घ्या. नीट बर्फ भरणाऱ्या लॅबही आहेत, मी अशा एका ठिकाणी नंतर काम केलं.