पहिला टॉप शिवताना

पहिल्याच टॉपसाठी तुम्ही तयार पॅटर्न (कापड बेतण्यासाठीचा छापील कागदी नमुना) घेणार असाल, तर उत्तमच; मात्र त्याच्या पाकिटावरचा साइझ आणि दुकानातल्या तयार कपड्यांचा साइझ यांचा बहुधा मेळ नसतो, म्हणून नेहमीचा ‘मीडियम’ गृहीत न धरता छाती, कंबर आणि नितंब यांची मापे टेपने घेऊन तक्त्याशी ताडून पाहा. नवशिक्यांचे कापड बहुतेक वेळा येथेच वाया जाते.

जॉर्जेट किंवा क्रेप हाताखालून निसटते. म्हणून साधे सुती कापड आणा (ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याच्या बाजारातून), सोबत थोडा मांजरपाट, म्हणजे जाडेभरडे स्वस्त सुती कापडही घ्या आणि आधी त्याचाच टॉप मोठ्या टाक्यांनी जोडून अंगावर घालून पाहा, कारण कागदावर न दिसणारा खांद्याचा किंवा बगलेचा दोष तेव्हा लगेच कळतो.

बेतण्यापूर्वी एवढे पाहा:

- सुती कापड आटते. ते आधीच धुऊन, वाळवून, इस्त्री केलेले असावे.
- पॅटर्नवरील बाणाची रेघ कापडाच्या काठाला समांतर असावी, अन्यथा शिवलेला टॉप अंगावर पिळतो.
- शिलाईची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचे जादा कापड (अनेक पॅटर्नांत ती दीड सेंटिमीटर असते), पॅटर्नमध्ये धरलेली आहे की वेगळी सोडायची, हे सूचनापत्रकात वाचावे.

प्रत्येक शिवण पुढची टीप घालण्यापूर्वी इस्त्रीने दाबा. झिप आणि अस्तर यांचा विचार सध्या करू नका.