शेवटाला हात लावू नको

बाळा,

रात्री दोनचा तुझा मेसेज सकाळी ढोरं सोडताना वाचला. शेक्सपिअरचं 'किंग लिअर' नाटक संपवलं अन् जेवणच गेलं नाही, म्हाताऱ्या लिअर राजाची धाकटी लेक कॉर्डेलिया मेली म्हणून रडलास, वर लाजही वाटली की घरी कापलेलं धान भिजून पडलंय अन् मी पुस्तकातल्या पोरीसाठी रडतोय. लाजेचं सोड. मला खटकलं ते खालचं वाक्य, मंडईच्या जत्रेतल्या नाटकात आपण तिला वाचवू, लोकांना बरं वाटेल. नाही. शेवटाला हात लावायचा नाही.

हे काय तुलाच पहिल्यांदा सुचलं का? १६८१ मध्ये नहूम टेट नावाच्या इंग्रज नाटककारानं हेच केलं, पोरगी जिवंत ठेवली, नाटकातल्याच एडगर नावाच्या सरदाराच्या पोराशी तिचं जुळवलं, म्हाताऱ्याला गादी परत दिली, अन् इंग्लंडमधे जवळपास दीडशे वर्षं लोक तेच बघत होते. सॅम्युअल जॉन्सनसारख्या विद्वानालाही हा मृत्यू इतका लागला होता की संपादनाचं काम हाती घेईपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायची हिंमत झाली नाही. मग तुझं जेवण गेलं नाही त्यात नवल काय. तू म्हणशील शेक्सपिअरनंही बदललंच ना, त्याच्या आधी दुसऱ्या कुणी लिहिलेल्या लिअरच्या नाटकात लिअर जिंकतो. हो, बदललं. पण लोकांना बरं वाटावं म्हणून नाही ना बाप्पा!

नीट वाच परत. खलनायक एडमंड मरता मरता सांगतो, कॉर्डेलियाच्या फाशीचा हुकूम गेलाय, धावा. माणूस धावतो. लिअरचा जावई अल्बनी म्हणतो देव तिला राखो, अन् तेवढ्यात म्हातारा लेकीला हातांवर घेऊन आत येतो. मग तो तिचा श्वास बघायला आरसा मागतो, पीस हललं म्हणतो, आपल्यालाही क्षणभर वाटतं की आहे, जीव आहे. त्या क्षणासाठी अख्खं नाटक आहे रे, अन् तू तिथे तिला उठवून बसवणार?

मी बसवली होती, म्हणून बोलतो. तिशीत होतो. लिअरचा पाटील केला, तीन पोरी, धानाच्या बांध्या वाटून दिल्या, तालीम मस्त रंगली. मग मंडळाचे लोक म्हणाले, बायापोरं येतात, रडत घरी जातील का, पोरगी उठवा. उठवली. पहाटे चारला, कुडकुडत बसलेल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाहेर एक म्हातारा थांबला होता, त्याची लेक त्याच पावसाळ्यात साप चावून गेलेली, गावात सगळ्यांना माहीत. म्हणाला, "तुमची पोरगी उठली गा मास्तर. बेस झालं." रागानं नाही बोलला. बोलला अन् अंधारात गेला.

त्या रात्री त्याच्याजवळ बसायला एक लिअर होता, तो मी काढून घेतला.

त्यानंतर शेवटाला कधी हात लावला नाही. नाटक कंपन्यांच्या वडशाहून दोनदा बोलावणं आलं, गोड शेवट पाहिजे म्हणाले, नाही गेलो. घरचे हेकट म्हणतात, म्हणू दे, चार पैसे आले असते, नावही झालं असतं, पण मी तेव्हा बरोबर होतो अन् आजही आहे. आपल्या झाडीतल्या, पूर्व विदर्भातल्या लोकांना कमी समजू नको, रात्रभर थंडीत बसून रडायला तिकीट काढून येतात ते.

आधी धान उलटवून वाळव, नाहीतर कोंब येतील. मग ये. शेवटचा प्रवेश मोठ्यानं वाचू, लिअर तू, बाकी सगळे मी. लिअरच्या तोंडी 'कधीच नाही' पाच वेळा आहे. एकही गाळायचा नाही.